काकूंची रिकामी ओळ

एकही खोटं वाक्य न बोलता इंग्रजी शिकणारी बाई जगात एकच झाली असेल, आणि ती जवाहर नगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहत होती. मुलाची बँकेतली बदली झाली म्हणून काकू वर्ध्याहून जयपुरात आल्या. नात एकदा इंग्रजीच्या धड्यावरून म्हणाली, "आजी, मतलब, तुला नाही समजणार," आणि दुसऱ्या दिवशी काकू वही घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. मी सीतापुऱ्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, एवढ्यावरून त्यांनी मला मास्तरीणबाई ठरवून टाकलं होतं.

पहिल्याच धड्यात आमचं अडलं. 'माझे काका वैमानिक आहेत' हे पुस्तकातलं वाक्य मी त्यांना इंग्रजीत म्हणायला सांगितलं. काकूंनी चष्मा काढला. "काहून खोटं बोलू बाप्पा? माहे काका तर पोस्टात होते!" मग त्यांनी स्वतःचा नियम केला. दर आठवड्याला एक इंग्रजी नाम घ्यायचं, पण ते खऱ्या प्रसंगी तीनदा वापरल्याशिवाय आपलं मानायचं नाही. तीनदा झालं की वहीत त्या शब्दापुढे हळदीचं बोट. 'कॅमल'साठी त्यांनी मुलाला भर रस्त्यात स्कूटर थांबवायला लावली आणि उंटगाडीवाल्याला विचारलं, "भैया, ये सच में ऊँट है ना?" तो बिचारा खाली उतरून स्वतःच उंटाकडे निरखून बघायला लागला. 'गेस्ट'साठी विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला बळंच बसवून पोहे खायला घातले. 'नेबर' मात्र सोपा निघाला. सलग तीन सकाळी माझी बेल वाजली, दारात काकू, "गुड मॉर्निंग, नेबर!" तीन दिवसांत शब्द पदरात पडला, पण बेल काही थांबली नाही.

दुपारी मी कामावर असले की त्या खाली येऊन माझ्या वडिलांजवळ बसत. बाबा चार वर्षं अंथरुणाला खिळून होते. अर्धं अंग गेलेलं, वाचाही गेलेली. काकू त्यांना वहीतले शब्द वाचून दाखवायच्या आणि संध्याकाळी मला सांगायच्या, "आज तुह्या बाबांची शिकवणी झाली. तुह्यापेक्षा बरे आहेत, मधात टोकत नाहीत."

मग नातीच्या धड्यात 'रिलीफ' आला. मी अर्थ सांगितला, मोठं ओझं उतरल्यावर वाटतं ते. काकूंना तो एवढ्या चटकन कळला की मलाच नवल वाटलं. पण वहीतली ओळ रिकामीच राहिली. वीज गेली आणि आली तेव्हा मी म्हटलं, "म्हणा आता." त्या म्हणाल्या, "लाइट गेले होते तेच बरं होतं, टीव्ही बंद होता." हरवलेली किल्ली सापडली, तर, "हरवली कुठं होती? माह्या कंबरेलाच होती ना." नातीचा ताप उतरला त्या दिवशी मला फार आशा होती. "राग आला मला," काकू म्हणाल्या. "ताप परीक्षेपुरताच होता." कित्येक महिने ती ओळ तशीच होती. पुढे दोन पानं हळदीनं पिवळी झाली.

थंडी सरता सरता बाबा गेले. भेटायला येणारे म्हणत, "छत्र हरपलं," आणि मी मान हलवत असे. कुणालाच सांगता येणार नाही अशी एक गोष्ट माझ्यापाशी होती. बाबा गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी चार वर्षांत पहिल्यांदा आठपर्यंत झोपले होते, आणि उठले तेव्हा खांदे हलके होते. त्या हलकेपणाची मला इतकी लाज वाटत होती की रडूही येत नव्हतं.

तेराव्यानंतर एका दुपारी काकू वही घेऊन आल्या. मला वाटलं, धडा घ्यायचा आहे. त्यांनी ती रिकामी ओळ उघडून माझ्यापुढे ठेवली.

"माह्या सासूबाई सात वर्षं बिछान्यावर होत्या," त्या म्हणाल्या. "गेल्या तेव्हा मला काय वाटलं, ते मी आजवर कोणाले सांगतलं नाही. मराठीत सांगतलं की सारे नातेवाईक ऐकतात." मग एकेक शब्द जपून ठेवत म्हणाल्या, "आय हॅड रिलीफ."

मी वही जवळ ओढून त्या शब्दावर बोट ठेवलं. म्हटलं, "मी टू, काकू." आणि मग रडू आलं, चांगलं हमसून. काकू पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "रड पोरी. रडणंही खरं आहे अन् तेही खरं आहे."

"दोनदाच झालं," डोळे पुसत मी म्हटलं. "तिसरं?"

त्यांनी भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे पाहिलं. "त्यांनाही वाटलंच असंल. पण मी काही विचारलं नाही त्यांना." एवढं म्हणून त्या स्वयंपाकघरातून हळद घेऊन आल्या आणि त्या ओळीपुढे अर्धंच बोट टेकवलं.

पावसाळ्यात त्यांच्या मुलाची रायपूरला बदली झाली. निघताना त्यांनी वही माझ्या हातात दिली. "तुले खात्री वाटली की बाकीचं अर्धं लावून टाक," म्हणाल्या, आणि जिन्याच्या पायरीवर थबकल्या. "उद्यापासून तुले नेबर म्हणता नाही येणार बाप्पा. खोटं होईल."

आता सकाळी बेल वाजत नाही. सुट्टीच्या दिवशी मी आठपर्यंत झोपते, आणि त्याची लाज वाटत नाही. कधी वही उघडते, बाबांच्या फोटोकडे बघते. खात्री वाटल्यासारखं होतं, पण त्या बाईच्या वहीत अंदाजानं काही लिहायचा धीर होत नाही. अर्धं बोट तसंच आहे. जरा फिकं झालंय, एवढंच.