लाल गोळ्या

ओल्या तंबाखूचा वास आला की मला निपाणीच्या दवाखान्यातली ती बाळंतीण आठवते आणि आजही डोकं तापतं. परीक्षा पास होऊन मी तिथं मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली नुकताच लागलो होतो. ती वखारीत तंबाखू निवडायची. बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप चढला, तेव्हा नवऱ्यानं तिला बैलगाडीतून आणलं. तिच्या लुगड्याला तंबाखूचाच वास होता. अशा तापावर सल्फाच्या नव्या लाल गोळ्या लागू पडतात, हे मी वैद्यकीय मासिकात वाचलं होतं आणि त्यांची एक बाटली आमच्याकडं आलीही होती. मी डॉक्टरांना मासिक दाखवलं. "मासिकं वाचून रोगी बरे होत नाहीत," ते म्हणाले. "नव्या औषधाचा भरवसा काय?" नवरा हात जोडून म्हणाला, "काय बी द्या साहेब, पर लेकराची आई वाचवा." तिला नेहमीचंच मिक्श्चर दिलं आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. पुढच्याच महिन्यात वखारमालकाच्या बाळंतीण सुनेला तसाच ताप आला, तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, "ती लाल गोळ्यांची बाटली काढा, लवकर!" दोन दिवसांत तिचा ताप उतरला. मालकानं पेढे पाठवले. "बघा, वैद्यक किती पुढं गेलंय," पेढा खात डॉक्टर म्हणाले. मी "होय सर" म्हणालो आणि माझ्या हातातला पेढा खाल्ला. डॉक्टर जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, त्यांच्यावरचा राग थोडा निवला. तो पेढा गिळणाऱ्या माझ्यावरचा मात्र तसूभरही निवलेला नाही.