आम्हाला घाई नाही

इथे अमेरिकेत, फ्रिस्को शहरातल्या आमच्या वाचनगटातल्या काकू कुठलंही पुस्तक मध्येच थांबवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "हे सांगतंय कोण?" पूर्वी मला त्याचा वैताग यायचा.

परवा त्यांच्या घरी माळरानावर शेती उभी करणाऱ्या एका बाईवरच्या जुन्या अमेरिकन कादंबरीवर बोलणं चाललं होतं. काकू म्हणाल्या, "राबते ती. सांगतो मात्र तिच्यावर जीव असलेला, शहरात गेलेला पुरुष. त्याला ती थकलेली दिसणार कशी?"

माझा नवरा हसला. "काकू, आमचं ग्रोसरीचं दुकानही असंच उभं राहिलं. मी जॉब सोडला, रिस्क घेतली. ही होतीच मदतीला."

हे मी प्रत्येक पार्टीत ऐकते. जॉब त्याने दुकान चालायला लागल्यावर सोडला. जागेचं भाडं, मालाचे भाव, सगळं मी भांडून ठरवलं होतं.

"छान सांगतोस रे," काकू म्हणाल्या. "आता हिच्याकडून ऐकू."

भल्याभल्या व्यापाऱ्यांना घाम फोडणारी मी, पण मला पहिलं वाक्य सापडेना. नवऱ्याने मदतीला तोंड उघडलं, तशी काकूंनी चिवड्याची बशी त्याच्यापुढे सरकवली.

"तू खा. आम्हाला घाई नाही."