नानासाहेबांच्या टाकीतला शुद्ध वंश

काचेच्या टाकीत तळाशी गाळ साठतो ना, तसे किस्से साठतात. या रविवारी उपसा, पुढच्या रविवारी तेवढेच हजर! आमच्या मासेवाल्या मंडळींचे किस्से मी कित्येक वर्षं उपसतोय, पण तळ काही दिसत नाही.

मासेवाल्या म्हणजे मासे पाळणाऱ्या. आम्ही चौघे. नानासाहेब वकील, दवाखाना कमी आणि व्याख्यानं जास्त करणारे डॉक्टर, भद्रकाली भागात तसबिरींना चौकटी करणारा उस्मानभाई आणि हायस्कुलात ड्रॉइंग शिकवणारा मी. खाणारा आमच्यात एकटा उस्मानभाई, आणि माशांवर खरी माया करणाराही तोच. आमच्या टाक्या त्यानेच काचांच्या फटींत लांबी भरून जोडलेल्या. दुसरी लढाई अजून व्हायची होती, त्यामुळे नाशकातल्या चार शहाण्यांना दर रविवारी सकाळी माशांच्या कुळशीलावर भांडायला भरपूर सवड होती.

* * *

टाकी मुळात नानासाहेबांची नव्हेच. ती त्यांच्या मुलाची, मधूची. मधू मुंबईला नोकरीला होता. सुट्टीत येताना त्याने रॉकेलच्या डब्यात घालून चार लाल प्लॅटी आणल्या. बोटाच्या पेराएवढे हे मासे. इगतपुरीला गाडी थांबली, की हा फलाटावर उतरून डब्यात वारा घालायचा!

पुढे मधूने मुंबईत एका गुजराती नर्सशी रजिस्टर लग्न केलं. दुसऱ्या दिवसापासून नानासाहेबांनी मधूचं नाव टाकलं. टाकी मात्र ठेवली.

"मुलाचं नाव टाकलंत, मग त्याचे मासे?" डॉक्टरांनी विचारलं.

"माशांनी काय केलंय? ते आपल्या जातीत आहेत!"

मधूची पत्रं यायची. नानासाहेब ती फोडत नसत. टाकीच्या टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली घडी करून सरकवत. पहिल्या पत्राने टेबल जरा सावरलं, दुसऱ्याने नीट झालं. तिसऱ्यानंतर ते दुसऱ्या बाजूला कलू लागलं, पण नानासाहेबांच्या मते चूक भिंतीची होती.

तिसऱ्या पत्रात काय आहे ते काकूंना, म्हणजे नानासाहेबांच्या पत्नीला, ठाऊक होतं. मुंबईहून आलेल्या शेजारणीने सांगितलं होतं की मधूला मुलगी झाली. काकू रोज त्या टेबलाखालून केर काढायच्या, पण पाकिटाला हात लावत नसत. नवऱ्याने स्वतःच्या हाताने ते काढावं, एवढाच त्यांचा हट्ट होता. वर्ष होत आलं, नातीचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं.

* * *

डॉक्टर सुधारक. संकराने वंश सुधारतो, हे त्यांचं टाळ्या घेणारं वाक्य. त्यांनी काळ्या ठिपक्यांची प्लॅटी आणि तलवारशेपट्या नर एका टाकीत सोडले. तलवारशेपट्या म्हणजे शेपटीखाली लांब टोक असलेला मासा, प्लॅटीचा लांबचा नातलग. पिल्लं झाली ती अशी, की मखमलीवर काजळ सांडलंय. डॉक्टरांनी त्यांचं नाव ठेवलं 'नवयुग'.

चार-सहा महिन्यांत नवयुगाला शेपटीवर काळी गाठ आली. मग पाठीवर. पोहताना ती पिल्लं एका अंगावर कलायची. डॉक्टर भिंगातून बघून म्हणाले, "फार इंटरेस्टिंग!" आणि त्यांनी तोच जोडा पुन्हा लावला. 'नवयुग दोन'ही गाठी येऊनच मेलं. तेव्हाही इंटरेस्टिंगच होतं.

उस्मानभाई बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "डॉक्टरसाहेबांना रंग पायजे, वकीलसाहेबांना खानदान पायजे. मछली को क्या चाहिए, किसी ने पूछा?"

"काय पाहिजे तिला?"

"साफ पानी."

 

* * *

नवयुगाच्या गाठींनी नानासाहेबांचं आयतंच फावलं. त्यांनी ठराव लिहून आणला, चार कलमी! कलम पहिलं, दोन जातींचा संकर करू नये. कलम दुसरं, झाल्यास ती प्रजा उस्मानभाईने पाळलेल्या खादाड मरळ माशाच्या हवाली करावी. कलम तिसरं, यास कोणतीही दयामाया लागू नाही. कलम चौथं, हा ठराव सर्वांना बंधनकारक आहे.

"तुम्हालाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्या घरी तो प्रश्नच उद्भवणार नाही!"

डॉक्टरांनी विरोधात मत दिलं, उस्मानभाई हसला, आणि मी भिडस्त माणूस, मी हात वर केला. ठराव पास.

* * *

ठरावाचा पहिला बळी कोण? हात वर करणारा! माझ्या टाकीत दोन्ही जाती शेजारी शेजारी नांदत होत्या, त्यांना ठराव कोणी वाचून दाखवला नव्हता. सात पिल्लं झाली. साधी लाल, गाठ नाही, काही नाही, शेपटीला नुसतं छोटंसं टोक. मी ती तांब्यात घेऊन भद्रकालीपर्यंत चालत गेलो. वाटभर तांब्यात बघायचं टाळलं. लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू!

उस्मानभाईने तांब्यात पाहिलं, मग मरळीकडे पाहिलं.

"आज नाय जमणार, मास्तर. मरळीचा रोजा हाय."

"माशाचा रोजा?"

"बडी परहेजगार हाय, उपास मोडत नाय. ठेवून जा."

पुढच्या महिन्यात गेलो तर दुकानामागे मातीच्या मोठ्या कुंड्यात माझी सातही पिल्लं धष्टपुष्ट. मी विचारलं, "रोजा अजून चालूच?" तो म्हणाला, "हो ना. मलाच तिची दया येते, पण तिला कोण समजावणार?"

* * *

नानासाहेबांच्या चार प्लॅटींतली आता एकच मादी उरली होती आणि तिचाच एक भाऊ. शुद्ध वंशासाठी नानासाहेबांनी त्या दोघांचा जोडा लावला. पंचांग बघून!

डॉक्टर एवढं मोठ्याने हसले, की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "नानासाहेब, सख्ख्या बहीणभावाचं लग्न चालतं तुम्हाला, पण परक्या घरची सून चालत नाही!"

नानासाहेब म्हणाले, "तो विषय इथे नको."

 काकूंनी टेबलाच्या आखूड पायाकडे पाहिलं आणि त्या आत गेल्या.

तो भाऊ लग्नाला न जुमानता आठवड्यात मेला. नानासाहेब एका खटल्यासाठी दोन दिवस मालेगावला गेले, तेव्हा काकूंनी मला निरोप धाडला. "मास्तर, तुमचा एक तलवारवाला आणून द्या दोन दिवस."

"कशाला, काकू?"

"ती एकटी पडलीय. पाहुणा म्हणून राहील."

मी ठरावाचं कलम पहिलं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी थालीपीठ पुढे केलं. त्यावर लोणी होतं. मी पाहुणा पोचवला आणि नानासाहेब यायच्या आत परतही नेला.

* * *

पुढे पिल्लं झाली. नानासाहेबांनी पेढे वाटले! "मरता मरता वंश ठेवून गेला," असं मेलेल्या नराबद्दल डोळे पुसत सांगितलं. दर रविवारी आम्हाला टाकीसमोर बसवून प्रत्येक पिल्लाचं नाक कोणावर गेलंय ते दाखवायचे. धोतर सावरत जमिनीवर बसून, पिठाची चिमूट बोटावर घेऊन स्वतः भरवायचे.

आणि दोन-तीन महिन्यांनी एका रविवारी त्यातल्या चार पिल्लांच्या शेपटीखाली टोक दिसलं.

डॉक्टरांनी भिंग लावलं. मी छताकडे बघितलं. डॉक्टरांनी शांतपणे ठरावाचा कागद खिशातून काढला आणि खणखणीत आवाजात वाचला. चारही कलमं. तिसरं दोनदा.

"उस्मानभाई, मरळीचा रोजा आहे का आज?" डॉक्टरांनी विचारलं. रोजाची गोष्ट मीच त्यांच्या कानावर घातली होती.

उस्मानभाईने माझ्याकडे पाहिलं. "आज... आज रोजा नाय," तो म्हणाला. लबाड!

नानासाहेब टाकीपुढे हात पसरून उभे राहिले. कोर्टात कधी अडखळले नसतील एवढे अडखळले. "हे बघा... ठराव आहे, मान्य आहे. पण मी म्हणतो... आईबापांनी जे काय केलं असेल ते केलं असेल. त्यात या पिल्लांचा काय गुन्हा?"

काकू दारात उभ्या होत्या. हातात दौत आणि टाक.

"हे एवढंच वाक्य परत सांगता?" त्या म्हणाल्या. "मुंबईला लिहून पाठवते."

 टाकीतली पिल्लं काचेपाशी येऊन पीठ मागत होती.

मग नानासाहेबांनी टोपी काढून खुर्चीवर ठेवली.

"मास्तर, डॉक्टर, टेबलाचा हा कोपरा जरा उचलून धरा."

आम्ही धरला. उस्मानभाईने दुसरी बाजू सावरली. नानासाहेब गुडघ्यांवर बसले, वाकले आणि टेबलाखाली शिरले. त्यांचा हात आखूड पायाखालची पाकिटं चाचपत होता. टेबल हेलकावलं, पाणी डचमळून काठावर आलं, आणि खालून नानासाहेब ओरडले,

"अरे, हळू! आत लेकुरवाळी आहे!"