ओवाळणीचा गहू आणि माझं गाजरगवत

"ताटात बियाणं टाकलं का कोंबड्याइचा दाणा टाकला रे? सांग न मले!"

शेजारच्या वहिनी मोबाइलवर त्यांच्या भावाला विचारत होत्या. खरं तर मोबाइलची गरज नव्हती. भाऊ साकोलीच्या पलीकडे राहतो, आणि त्या दिवशीचा आवाज नागझिऱ्यातल्या वाघांनीही कान पाडून ऐकला असणार. मी त्यांच्याच ओसरीवर बसून त्यांचाच चहा पीत होतो.

भाऊबीजेला भावानं ताटात लुगडं न घालता घरचा बियाण्याचा गहू ठेवला होता. त्यांच्या बापाच्या हातापासून जपत आलेला. वहिनींनी तो धान निघालेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेततुकड्यात, पेरला आणि गावभर सांगत फिरल्या की, बाकीच्या भावांनी लुगडी देली, माझ्या भावानं पीक देलं. आणि आता त्या बांधीत गहू कसा होता, तर टकल्याच्या डोक्यावर केस असतात तसा. कडेला चार काड्या, मधे लखलखाट.

फोन आपटून त्या माझ्याकडे वळल्या. "तुमाले काय वाटते भाऊजी? बियाणंच रद्दी होतं न?"

मी बशीत बघत म्हणालो, "आजकालचे भाऊ, वहिनी. काय सांगावं."

हे वाक्य मला अजून टोचतं.

कारण त्या बांधीत बियाण्याआधी माझं गाजरगवत गेलं होतं. माझ्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ते इतकं माजलं होतं की, त्यात शिरलेली म्हैस तिथंच व्याली आणि वगार मोठी झाल्यावर दोघी बाहेर आल्या, असं मी लोकांना सांगत असे. कापायचा मात्र मला कंटाळा. अंगाला खाज सुटते. अशात साकोलीला शेतकरी मेळावा झाला. मंचावरचे साहेब गाजरगवतावर बोलत होते आणि मी मागच्या रांगेत चौघांना, मी वाघाला तंबाखू कशी खाऊ घातली, ते सांगत होतो. त्यामुळे माझ्या कानावर एवढंच पडलं की, याचं खत होतं.

गावात आल्या आल्या वहिनींना म्हणालो, साहेबांनी सांगितलंय, हिरवं गाजरगवत बांधीत गाडा, गहू माणसाएवढा होतो, लोंब्या तोडायला शिडी लागते. वहिनी हसल्या, पण साहेबांचं नाव आलं म्हणून त्यांनी विश्वास ठेवला. स्वतःची बैलबंडी जुंपून त्यांनी दोन दिवस माझा धुरा कापला. हात कोपरापर्यंत लाल झाले. गवत बांधीत गाडलं, वर गहू पेरला, पाणी दिलं. माझा धुरा फुकटात आरशासारखा झाला. वर त्यांनी माझ्याच घरी दिवाळीच्या उरलेल्या करंज्या पाठवल्या. त्याही मी खाल्ल्या.

त्या दिवसानंतर भावाचा फोन येणं बंद झालं. संक्रांत आली, गेली. दर साली तिळाचे लाडू घेऊन येणारा भाऊ आला नाही. वहिनी फोन पदराला बांधून फिरत, वाजला की दचकत, आणि कंपनीचा असला की शिव्या देत.

मी त्यांच्या डब्यातला उरलेला मूठभर गहू मागून आणला. दोन ताटल्या, दोन ओली फडकी. एका फडक्यावर विहिरीचं पाणी शिंपडलं, दुसऱ्यावर गाजरगवत भिजवलेलं. चौथ्या दिवशी पहिल्या ताटलीत पांढऱ्याशुभ्र मुळ्यांची दाढी फुटली होती. दुसरीतले दाणे फुगून तसेच पडले होते. एकदोघांना मूळ आलं होतं, तेही टोकाला काळं पडलेलं. बायकोनं दोन्ही ताटल्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं आणि दुसरी ताटली माझ्या पुढ्यात सरकवली.

आणि इथं आणखी एक कबूल करतो. मेळाव्यात माझ्या कानावर खताचं तेवढंच पडलं, हीसुद्धा थाप आहे. सगळं ऐकलं होतं. या गवताच्या पानांतून, मुळांतून एक विष झिरपतं, ते दुसऱ्या दाण्याला मूळ धरू देत नाही. खत करायचं तर फुलावर येण्याआधी उपटा आणि खड्ड्यात शेण घालून महिनोन्‌महिने कुजवा. पण खड्डा कोण खणणार? मला धुरा साफ करून हवा होता.

दुसऱ्या दिवशी ताटल्या घेऊन मी वहिनींच्या दारात गेलो. सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबले नाहीत.

"मले कायले सांगता?" त्या म्हणाल्या. "त्याले सांगा."

त्यांनी फोन लावून माझ्या हातात दिला. वाघाच्या एका गोष्टीवर अख्ख्या पंगतीला जेवण विसरायला लावणारा मी, चार वाक्यांत संपलो. गवत माझं. सल्ला माझा. बियाणं चांगलं होतं. तुमच्या बहिणीची चूक नाही.

पलीकडे हायवेवरून एक ट्रक गेल्याचा आवाज आला. मग दुसरा. वहिनींची नजर सुपात होती, पण त्या आता तांदूळ निवडत नव्हत्या.

"बरं," भाऊ म्हणाला. "ताईले सांगा, औंदाच्या भाऊबीजेले लुगडंच आणतो."