इवायाचा पांढरा सदरा

कसं सांगू बाप्पा तुम्हाला, इतका मोठा विजय आणि इतका मोठा पचका माझा एकाच पंगतीत झाला. चहा घ्या, सांगतो.

माझ्या मुलीचं, पल्लवीचं, साक्षगंध होतं. अमरावतीत, आमच्याच दारात मांडव. तिचे होणारे सासरे, म्हणजे आमचे इवाई, अकोल्याहून पांढराशुभ्र नवा सदरा घालून आलेले. माणूस भलता मानाचा भुकेला, हे आधीच कानावर होतं. जेवणं आधी, अंगठ्या नंतर. मी आग्रहाला उभा. ते हात आडवा धरून "पुरे, पुरे" म्हणून राहिले, आणि मी वरणाची पळी त्या हातावरून पुढे दामटली. अर्धं वरण ताटात, अर्धं त्यांच्या छातीवर.

इवायांचं तोंड उतरलं. पण मी कोण? केमिस्ट्रीचा मास्तर! "डाग काढणं म्हंजे आपला विषय," मी पंगतीत जाहीर केलं आणि कपड्याच्या साबणाची ओली वडी डागावर घासली.

डाग लाल झाला. लालभडक.

"अहो, हे रक्त कुठून आलं?" इवायांची बायको, आमच्या इहीनबाई, ताटावरून उठल्याच. मागच्या पंगतीत बातमी गेली की पोरीच्या बापानं इवायाले मारलं. मांडवाच्या दारापर्यंत पोचता पोचता त्यात सुरी आली. इवायांचा धाकटा भाऊ बाह्या सारत धावला, "काहून मारलं बे आमच्या दादाले?"

"चाला, गाडी काढा," इवाई म्हणाले.

पल्लवीच्या डोळ्यांत पाणी. मग मात्र मी वर्गात काढतो तसा आवाज काढला. "थांबा! साबणात खार असते. तो लागला की हळद लाल होते. लिंबाचं आम्ल त्या खाराले मारते. पाहाच."

सगळ्या ताटांतल्या लिंबाच्या फोडी गोळा केल्या आणि इवायांच्या छातीवर पिळल्या. भर मांडवात, सगळ्यांच्या देखत लाली गेली. काय टाळ्या पडल्या म्हणता! इवाई तर लहान पोरासारखे खुश. "पुन्हा करा ना, मास्तर." साबण लावला, लाल. लिंबू पिळलं, पिवळा. धाकट्या भावानं मले खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. हसतखेळत अंगठ्या झाल्या आणि मी नवरदेवापेक्षा ताठ उभा.

फोटोच्या वेळी इहीनबाई हळूच म्हणाल्या, "मास्तर, सारं बरोबर हाये. पण वरण तं जिथल्या तिथंच हाये ना?"

पाहिलं. होतं.

आता अल्बम पाहा. कोऱ्या करकरीत सदऱ्यात हसतात ते इवाई, आणि सदरा माझा. शेजारी छातीवर वरण घेऊन उभा आहे, तो मी.