विटेवरची बोटं

परवा इथल्या आमच्या वेंटवर्थव्हिल उपनगरातून ट्रेनने मुलीला म्युझियमला घेऊन गेले. तिथे काचेमागे एक रोमन वीट होती आणि तिच्यावर लहान मुलाच्या बोटांचे ठसे होते. गाईड म्हणाली, "हाउ क्यूट!" माझं डोकंच फिरलं.

नाकात ओल्या मातीचा वास भरला. माझ्या लहानपणीची, पुण्याबाहेरची ती वीटभट्टी. थापलेल्या विटा उन्हात पसरल्या होत्या आणि त्यांच्यावर पाय देत मी एकेक वीट पलटत होते. मोठ्यांच्या वजनाने ओली वीट दबते, म्हणून ते काम आम्हा पोरांचं.

"हिच्या पायाखाली वीट मोडत नाही बघ," मुकादम आईला म्हणाला. "जास्त जेवायला घालू नको हिला, जड होईल."

सगळे हसले. मीसुद्धा हसले. आपलं कौतुक झालं म्हणून दिवसभर मिरवत होते! आज ते आठवलं की अंगाची आग होते. त्या रोमन पोरालाही असाच कुणी मुकादम भेटला असेल.

"मम्मा, वॉज ही प्लेइंग?" मुलीने विचारलं.

"नो. ही वॉज वर्किंग," मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले.

गाईड हसली. या वेळी मी हसले नाही.