कांद्याच्या सालींचा रंग

पाव काढून झाल्यावरही आमच्या शेजारच्या बेकरीची भट्टी बराच वेळ तापलेली असते. माझी वहिनी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. परवा त्या फुकट जाणाऱ्या उष्णतेवर तिने कांद्याच्या साली उकळायला ठेवल्या, कापड रंगवायला. मावशी सहज बघायला आली. काका गेल्यावर तिने रंगीत साड्या वाटून टाकल्या होत्या.

पातेल्यात वाकून तिने विचारलं, "धुतल्यावर जाईल का गं हा रंग?"

"नाही जाणार, मावशी. कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवायचं. तुरटी रंगाला धरून ठेवते."

मावशी घरी जाऊन आपली एक पांढरी सुती साडी घेऊन आली आणि वहिनीच्या हातात दिली. देताना ती कुणाकडेच बघत नव्हती.

भिंतीत विरणारी धग काय, केरात जाणाऱ्या साली काय, आता यात काही उरलं नाही असं आपणच ठरवून टाकतो. मावशीलाही आता काही नको असेल, असं आम्ही परस्पर ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी साडी वाळली ती तांबूस सोनेरी होऊन. मावशीने पदर उजेडात धरला, हळूच गालाला लावला.

"यावर ब्लाउज कुठला शोभेल गं?" तिने मला विचारलं.